घोंगडी मीच टांगली होती

पोरांनी आणलेला कागद टाइप केलेला होता. आमच्या गावच्या झऱ्याच्या बनाची माहिती, पाटीवर रंगवून लावण्यासाठी. मी आता पडेगावात मुलाकडे राहतो, पण गावच्या माणसांत वयानं सगळ्यांत मोठा मीच उरलोय, म्हणून तपासायला माझ्याकडे आणला होता. गेली चार वर्षं ही मंडळी दर रविवारी बनात राबतात. कुणी शिक्षक, कुणी साखर कारखान्यात, कुणाचं कन्नडला दुकान. खड्डे खणतात, धावड्याच्या आणि बेहड्याच्या बिया टोचतात, झऱ्याचा गाळ काढतात. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आपणहून.

कागदावर एक ओळ होती: ‘निजामाच्या काळात गावातल्याच एका मेंढपाळ घराने गुत्तेदाराला फितूर होऊन बन तोडू दिले.’

मी चष्मा पुसला, ती ओळ दोनदा वाचली आणि ठीक आहे म्हणालो. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुकाही काढून दिल्या.

त्यांच्याबरोबर त्या मेंढपाळ घरातली नात आली होती. कन्नडच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पोरं म्हणतात, बनातलं कुठलं रोप कुठं जगेल हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही. सगळे चहा प्यायले, चपला घालायला लागले, तेव्हा ती मागं थांबली.

"आजोबा, आमच्या घरात हे वेगळं सांगतात," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा गावात होतात ना?"

"होतो," मी म्हणालो, "पण आता आठवत नाही बाई."

तिनं कागदाची घडी घातली आणि गेली. पुढचे तीन रविवार ती बनात आली नाही असं पोरांकडून कळलं. तिचं येणं माझ्यामुळं थांबलं होतं. तिच्या आजोबांचं बनात येणं थांबलं नव्हतं, पण राखणीतून त्यांना बाहेर मीच काढलं होतं. मला सगळं आठवतं. ते इथं लिहितो. नावं लिहीत नाही. गावात घरं सगळ्यांना ठाऊक आहेत.

आमचं गाव कन्नडच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. गावाच्या वरच्या अंगाला झऱ्याचं बन होतं. धावडा, अंजन, मोह, बेहडा, आणि खाली झऱ्याचं पाणी मुरून झालेली चिबड जमीन, लव्हाळ्यानं आणि वाळ्यानं भरलेली. तिथं पाणकोंबड्या असत. उन्हाळ्यात चाळीस पावलं आत गेलं की अंगावर गारवा येई. बन कुणाच्या मालकीचं नव्हतं. जंगल खात्याच्या नकाशात ते सरकारचं होतं म्हणे, पण तो नकाशा गावात कुणी पाहिला नव्हता.

बनाची राखण गाव करायचं, पाळीनं. एक काळी घोंगडी होती. ती घरोघर फिरायची. ज्या घराच्या दारात घोंगडी, त्या घरातला एक माणूस त्या दिवशी ती खांद्यावर टाकून बनात दिवस काढायचा. गुरं आत जाऊ द्यायची नाहीत, कुऱ्हाड लागू द्यायची नाही, झऱ्याच्या तोंडाशी पाला साचला तर काढायचा. दुसऱ्या दिवशी उजाडताना घोंगडी पुढच्या दारात. मराठ्यांची घरं, धनगरांची, पिंजाऱ्यांची, महारवाड्यातली, सगळी त्यात होती. देवळात आणि विहिरीवर जे चालायचं नाही ते घोंगडीला चालायचं. महारवाड्यातून आलेली घोंगडी माझा बाप खांद्यावर टाकायचा. असं का, हे मी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

बनातलं लाकूड फक्त मेलेल्या माणसाला मिळायचं. सरणाला किंवा कबरीवरच्या फळ्यांना, एका माणसामागं एक झाड. तशी तोड असली की राखणदार घोंगडी खांद्यावरून काढून बनाच्या वेशीवरच्या बेहड्याला टांगायचा. बेहड्यावर घोंगडी दिसली आणि आतून कुऱ्हाडीचा आवाज आला, तर कुणी विचारायला जायचं नाही. समजायचं, कुणीतरी गेलंय. लांबूनच हात जोडायचे आणि आपल्या कामाला लागायचं.

घोंगडी विरली की नवी विणून द्यायचं काम एकाच घराचं होतं. ते म्हणजे त्या नर्सच्या आजोबांचं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मेंढरं त्यांचीच, लोकर त्यांचीच, माग त्यांच्याच पडवीत. त्या वेळी ते पन्नाशीच्या आसपास असतील.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. औरंगाबादला उर्दूतून मॅट्रिक झालो होतो, गावातला पहिलाच. रुमी टोपी घालून गावात आलो तर बायका ओट्यावरून उठून उभ्या राहायच्या. वडील पंचांपैकी एक होते आणि माझ्याविषयी बोलताना त्यांचा आवाज थोडा चढायचा. पण नोकरी काही लागत नव्हती. सहा महिने मी गावात बसून होतो आणि त्या सहा महिन्यांत माझी घोंगडीची पाळी चारदा आली. ती खांद्यावर घेऊन गावातून जाताना मला लाज वाटायची. मेंढराचा वास यायचा तिला. मॅट्रिक झालेल्या माणसानं गुराख्यासारखं झाडाखाली बसायचं, हे मला पटत नव्हतं. एकदा मी आबांना तसं म्हणालोही. ते हसले. म्हणाले, "बस की. सावलीत बसाया मिळतंय. तिथं तुझ्या शाळेतलं पुस्तक वाच, झाडं काय तक्रार करायची नायत."

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या धगीवर चालायला लागल्या होत्या. मागं भलं मोठं पिंप लावलेलं, त्यात कोळसा. त्या कोळशासाठी गुत्तेदार, म्हणजे लाकडाचे ठेकेदार, डोंगर धुंडाळत होते, आणि धावड्याच्या कोळशासारखा कोळसा नाही. शहरातल्या एका गुत्तेदाराचा मुन्शी आमच्या भागात फिरायचा. उर्दू बोलणारा माणूस गावात मीच म्हणून तो माझ्याशीच बोलायचा. ‘आप’ म्हणायचा. सिगारेट द्यायचा. लासूर स्टेशनला त्यांची कोळशाची वखार होती, तिथं हिशेब उर्दूत ठेवणारा माणूस हवा होता.

मुन्शीनं एकदा सहज विचारलं की हे बन इतकी वर्षं राहिलं कसं, गावानं काय बंदोबस्त केलाय. मी सांगितलं. घोंगडी, पाळी, बेहडा, सगळं. हसत हसत सांगितलं, आमच्या अडाणी लोकांची गंमत म्हणून.

आयुष्यभर मी स्वतःला समजावत आलो की मुन्शीनं मला फसवलं. ते खरं नाही. झाडाला घोंगडी टांगली की कुणी येत नाही, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यानं विचारलं होतं फक्त पहाऱ्याचं. टांगण्याचं मी आपणहून सांगितलं. सांगताना मला कळत होतं मी काय सांगतोय. तो म्हणाला, एक दिवस मिळाला तरी पुष्कळ. एकदा तोड झाली की खात्यात दाखवता येईल, गाव काही राखत नाही, गावच तोडतंय. मग परवाना निघायला वेळ लागत नाही. वखारीतली जागा माझ्यासाठी ठेवायला त्यानं मालकाला सांगितलं होतं, हेही त्याच बोलण्यात आलं.

माझ्या पाळीच्या दिवशी मी हे करू शकत नव्हतो. सगळ्यांना कळलं असतं. पाळ्या मात्र आपापसांत बदलल्या जायच्या. कुणाची पेरणी, कुणाचं लगीन, कुणाचा बाजार. दोन घरांनी आपसांत ठरवायचं, तिसऱ्याला सांगायची गरज नसायची. आबांची पाळी लासूरच्या बाजाराच्या दिवशी येत होती आणि त्यांना मेंढरं विकायला जायचं होतं. मी त्यांच्या पडवीत गेलो आणि म्हणालो, आबा, तुमचा दिवस मी करतो, तुम्ही बाजाराला जा.

ते इतके खूश झाले की मला बघवेना. आत हाक मारून म्हणाले, "ऐकलं का, पोरगं मॅट्रिक झालं तरी शहाणं राह्यलंय."

बाजाराच्या दिवशी उजाडायच्या सुमाराला आबांनी घोंगडी माझ्या हातात दिली. त्यांची बायको दारात मेंढरं मोजत होती. तिनं पाहिलं. तिनंच मला ताकाचा गडू दिला, दुपारी लागेल म्हणून.

मी बनापर्यंत गेलो, बेहड्याच्या खालच्या फांदीला घोंगडी टांगली आणि पलीकडच्या उतारानं रस्त्यावर उतरलो. तिथं मुन्शीची माणसं थांबली होती, बारा-पंधरा कुऱ्हाडवाले आणि गाड्या. मी त्यांच्याबरोबर आत गेलो नाही. मुन्शीबरोबर टांग्यात बसून कन्नडला गेलो. ताकाचा गडू टांग्यातच राहिला. दिवस मावळायच्या आत परत आलो, घोंगडी काढली आणि उजाडताना नेमानं पुढच्या घरी, पिंजाऱ्यांच्या दारात ठेवली. आत काय झालं होतं ते पाहायला मी गेलो नव्हतो.

पिंजारी चाचा पाळीला गेले आणि धावत परत आले. चिबडाच्या वरचा सगळा धावडा गेला होता. उरलेले बुंधे कमरेएवढाले. गाड्यांची चाकं लव्हाळ्यातून गेली होती आणि झऱ्याच्या तोंडाशी फांद्यांचा ढीग.

तिसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर पंच बसले. आबा आदल्या रात्रीच बाजाराहून आले होते. चाचांना पहिल्यांदा विचारलं. तोडीच्या दिवशी कुऱ्हाडीचा आवाज त्यांनीही ऐकला होता.

"हौ, मैं सुना ना," चाचा म्हणाले. "बेहडे तक गया बी. कंबल टंगी थी. मैं समझा, किसी की मय्यत हुई. फातिहा पढा और वापस आ गया." आणि मग ते सगळ्यांसमोर रडले. ज्याच्यासाठी फातिहा पढला तो कोण मेला होता, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

पाळी कुणाची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबांची. आबा शांत होते. त्यांना वाटलं असणार की मी सांगेन. ते एवढंच म्हणाले, "म्या बाजारला गेल्तो. घोंगडी ह्याच्याकडं दिल्ती," आणि माझ्याकडं बोट केलं. रागानं नाही. वाट दाखवावी तसं.

मला विचारलं माझ्या वडिलांनीच. "आबा म्हणत्यात घोंगडी तुझ्याकडं दिली. दिली व्हती का?"

"नाही," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. चाचांच्या दारात घोंगडी ठेवताना मला कुणी पाहिलं नव्हतं. आबांच्या बायकोनं देताना पाहिलं होतं, पण पारावर बायका येत नसत. ती लांब पिंपरणीखाली उभी होती आणि तिला कुणी विचारलं नाही. मग लोक बोलायला लागले. झाडं गेली की गवत माजतं, गवत कुणाला हवं, मेंढरांना. बाजाराला जायचं निमित्त बरं सापडलं. मॅट्रिक झालेलं पोरगं खोटं कशाला बोलेल. आबांनी यातल्या एकाही गोष्टीला उत्तर दिलं नाही. माझ्याकडं मात्र बघत राहिले, मी अजून काही बोलेन म्हणून.

पंचांनी ठरवलं, या घराला आता पाळी नाही. घोंगडी त्यांच्या दारात जाणार नाही आणि त्यांची लोकर घोंगडीला लागणार नाही. दंड नाही, मार नाही. बाहेरच्या माणसाला ही शिक्षाच वाटणार नाही. आमच्या गावात घोंगडी ज्या दारावरून पुढं जाते ते घर घरांत धरत नाहीत.

वडिलांनी मला त्यानंतर कधी काही विचारलं नाही. फक्त आमची पाळी आली की ते स्वतः जायला लागले. मी घोंगडीला हात लावायला गेलो तर आधीच उचलून घ्यायचे. दोन महिन्यांनी मी लासूरला वखारीत रुजू झालो, तेव्हा ते स्टेशनपर्यंत पोचवायलाही आले नाहीत. आई म्हणाली, गुडघे दुखतात त्यांचे. ते त्याच आठवड्यात बनापर्यंत चालून आले होते.

मुन्शी म्हणाला होता तसंच झालं. गावच तोडतंय म्हणून खात्यानं परवाना दिला. अर्ज उर्दूत होता, सुवाच्य होता. तो मी लिहिला होता. दोन वर्षांत बन गेलं, मागून झरा आटला आणि चिबडात ज्वारी पेरली गेली, तीही धड आली नाही. घोंगडी अजून वर्षभर फिरत होती म्हणे, राखायला काही नसताना. मग कुणाच्या तरी घरी ती राहिली आणि पुढच्या घरानं मागितली नाही.

एकदा सुटीत गावी गेलो. वरच्या अंगाला आबा एकटे दिसले. धावड्याच्या बुंध्यांना फुटवे आले होते आणि ते एकेका बुंध्याभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घालत होते, शेळ्या खाऊ नयेत म्हणून. गावात त्यांची चेष्टा चालायची, चोर आता राखण करतोय म्हणून. मला टाळून जाता आलं असतं, पण त्यांनी पाहिलं होतं.

"सायब झालास," ते म्हणाले. "लई चांगलं. जरा ही फांदी धर."

माझ्या अंगात शेरवानी होती. काट्यात अडकेल म्हणून मी धरली नाही. त्यांनी मग ती पायानं दाबून धरली आणि बांधली. मी काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, गाव तुम्हाला पाळी देत नाही, मग कशाला करता.

त्यांनी हातातला काटा दातानं काढला. "म्या घोंगडी कुणाच्या हातात दिली त्ये मला ठावं हाय. तुलाबी ठावं हाय. गावाला नाय, तर त्यो गावाचा दोष नाय. आन झाडाचा तर मुळीच नाय."

तेव्हा सांगता आलं असतं. पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य गेलं, मी वखार सोडून सरकारी नोकरीत गेलो, कायम झालो, तेव्हाही. वडील गेले तेव्हा, आबा गेले तेव्हा. आबांच्या दहाव्याला मी गेलो नाही. औरंगाबादला ऑफिसात तपासणी आहे असं कळवलं. तपासणी नव्हती.

आबांची बायको मात्र पुष्कळ जगली. गावातल्या लग्नाकार्यात दिसायची. पदर पुढं ओढून बायकांत बसलेली असायची आणि मी मांडवात आलो की माझ्याकडं बघायची, वाईट नजरेनं नव्हे, नुसती. मी तिच्या बाजूला पाठ होईल अशा जागी पंगतीला बसायचो. गावात मला मानाचं पान असायचं. ते मी घ्यायचो.

गेल्या महिन्यात मी मुलाला सांगून गावी गेलो. रविवार होता. पोरं बनात होती. आबांनी कुंपण घालून वाचवलेले धावडे तिथं उभे आहेत, वीस-बावीस असतील. आज जे बन म्हणून दिसतं ते तेवढंच, बाकी सगळी यांनी लावलेली रोपं. मी कन्नडहून त्या नर्सला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती आली, पण लांब उभी राहिली. मी दगडावर बसून सगळ्यांना सांगितलं, जे वर लिहिलंय तेच, याहून तुटक.

 मग त्यांच्यातला शिक्षक म्हणाला, "जाऊ द्या आजोबा. त्या काळातल्या गोष्टी. ती ओळच आम्ही काढून टाकतो पाटीवरून." मला एकदम हायसं वाटलं. हे लिहिताना सगळ्यांत जास्त लाज त्या हायसं वाटण्याचीच वाटतेय.

ती जवळ आली. रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. दवाखान्यात रुग्णाशी बोलत असेल तशी बोलली.

"आजी दोन वर्षांपूर्वी गेली," ती म्हणाली. "शेवटचे सहा महिने माझ्याकडे होती. दर वेळी विचारायची, तो बोलला का. मला वाटायचं, म्हातारपणाचं बरळतेय. कोण तो, ते तिनं कधी सांगितलं नाही."

मी हात जोडले. तिनं ते पाहिलं न पाहिलंसं केलं.

"ओळ काढू नका," ती शिक्षकाला म्हणाली. "आमचं घर काढा आणि ज्यांचं आहे त्यांचं लिहा." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आणि तुम्ही हे कागदावर लिहा आजोबा. पारावर तुम्ही स्वतः वाचायचं. मुलांनी वाचलेलं नको. आमच्या आजोबांना तिथंच बाहेर काढलं होतं."

माझा आवाज आता पोचत नाही, दिवाळीनंतर बघू, असं काहीतरी मी म्हणालो. ती म्हणाली, दिवाळीला दोन महिने आहेत, तुमचं वय काय.

लिहून झालं आहे. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं जायचं ठरवलंय. घरात सुनेनं वाचलं आणि ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मुलानं विचारलं, आमच्या घराचं नाव पाटीवर घालायलाच हवं का. मी हो म्हणालो. पाटीवर दोन्ही घरांची नावं येतील, पाळीतून कुणाला काढलं आणि कुणाला काढायला हवं होतं ते. आबांच्या घरातलं कुणी पारावर ऐकायला येईल की नाही, हे त्यांच्या नातीनं सांगितलं नाही. विचारायचा अधिकार मला नाही, म्हणून मीही विचारलं नाही.